वामनकाका कोणाला फोन करत नाहीत

आमच्या धरमपेठेतल्या वामनकाकांना मी कधी बसलेलं पाहिलेलं नव्हतं. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि गप्पा माझ्या गॅलरीत येरझाऱ्या घालत. पण पायाला अशी भिंगरी लागलेला हा माणूस गिऱ्हाईकाच्या दारात मात्र पाऊल टाकत नाही. फोनसुद्धा करत नाही. "आपण कोणाच्या मागं पळत नाही गा. आपण अक्कल वाटतो. लोकं येतात."

लकडगंजात त्यांची वखार आहे. कारखान्यांची यंत्रं परगावी पाठवायला लागतात ती मोठाली लाकडी खोकी तिथं बनतात. बाकीचे व्यापारी कंपन्यांच्या खरेदीवाल्यांना दिवाळीत काजूकतली पोचवतात. काका व्हिडिओ टाकतात. ‘खिळा काहून वाकतो’, ‘ओल्या लाकडानं यंत्र कसं गंजते’. त्यात ‘आमचा माल घ्या’ असं चुकूनही म्हणायचं नाही. रविवारी मोबाइल धरायला मी. काका बोलताना एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे मी वखारभर त्यांच्यामागे पळतो आणि निम्मा वेळ त्यांची पाठच दिसते.

पाठ बघूनही लोक येतात! एकदा हैदराबादच्या कंपनीचा साहेब व्हिडिओ पाहून थेट वखारीत आला. काका त्याला म्हणतात, "तुमच्या यंत्राले आमचं खोकं जास्तीचं होते. हलकं घ्या, शेजारी भेटते." मी कपाळाला हात लावला. पुढच्या महिन्यात तोच साहेब मोठ्या यंत्रांचं काम घेऊन परतला. काका आठवडाभर माझ्याकडे बघून मिशीत हसत होते.

हाच नियम घरच्यांनाही. त्यांची एकुलती एक मुलगी रश्मी पुण्याला असते. कंपन्यांत फिरून माल विकायची तिची नोकरी. ती लागली तेव्हा काका बोलून गेले, "दारोदार हिंडशील?" तीही त्यांचीच मुलगी. म्हणाली, "मग तुम्ही पाहा वाट." तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. काकू तेवढ्या स्वयंपाकघरातून चोरून बोलतात.

गेल्या महिन्यात काकांनी मला वखारीऐवजी घरीच बोलावलं. समोर चिनी मातीच्या बरण्या. विषय, ‘घर बदलताना बरण्या कशा बांधाव्या’.

"काका, कोणता कारखानदार लोणचं परगावी पाठवतो?"

"तू मोबाइल धर."

व्हिडिओ तीनदा घ्यावा लागला. ‘भुसा गच्च भरा, झाकण वेगळं बांधा’ इथं आलं की काका बोलणं सोडून झाकणच पुसत राहायचे. मला निरोप द्यायला काकू फाटकापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रश्मी घर बदलून राहिली ना पुण्यात. इथून हट्टानं नेलेल्या बरण्या हायेत तिच्यापाशी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवसापासून काकांनी माझ्या गॅलरीची फरशी झिजवली. "आली का गा कमेंट?" भिलाईच्या एका व्यापाऱ्यानं लांबलचक प्रश्न विचारला होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला राहवेना. "सरळ फोन करा ना तिला!"

"नाई. आपली पद्धत नाई ते." येरझाऱ्या थांबल्या. "तिनं उचललाच नाई तर?"

इतकी वर्षं मी त्याला धंद्यातला ताठा समजत होतो.

चौथ्या दिवशी कमेंट आली. रश्मीचीच. ‘इथं लाकडाचा भुसा भेटत नाही. कागद कोंबला तर चालते का?’ खाली ना नमस्कार, ना बाबा. एखाद्या कारखानदाराला काकांनी यावर पानभर उत्तर लिहिलं असतं. आता मोबाइल माझ्यापुढे धरला. "काय लिहू गा?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वतःच नंबर लावला. पलीकडून "बाबा?" एवढंच मला ऐकू आलं.

"कागदानं फुटतात वं," काका म्हणाले. "बांधू नको अजून. मी भुसा घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना पुण्याच्या गाडीवर सोडायला गेलो. भुशाची गोणी पाहून गाडीवाला चक्रावला. "काका, ये भूसा लेके पुना? काय का धंदा है?"

काकांनी त्याला काहीही अक्कल शिकवली नाही. "पोरीच्या दारात चाललो," म्हणाले, आणि गोणी मांडीवर घेऊन, गाडी सुटायला बराच अवकाश असताना, खिडकीपाशी बसून राहिले.