गणपूर्तीला एक कमी

महामारीच्या तयारीचा आंतरराष्ट्रीय करार संसदेच्या आरोग्य समितीने शुक्रवारी पाचच्या आत मंजूर करायचा होता. नाहीतर संसदेची मुदत संपणार, रविवारी निवडणूक, आणि करार रद्दीत! समितीची सचिव रादोस्तिना नखं खात बसली होती. करार झाला तरच तिच्या गावच्या दवाखान्यात नवे मास्क येणार होते. तिची आई तिथे नर्स, आणि एकच मास्क धुऊन धुऊन आठवडाभर वापरायची.

आता बघा, गुरुवारी नेमका संत दिमितारांचा दिवस, आणि सभापतींचं नावच दिमितार! आपल्या नावाच्या संताचा दिवस म्हणजे नामदिन, आणि नामदिनाला आमंत्रण कोण देतं? आपणहून जायचं, नाही गेलात तर जन्माचा रुसवा. त्यामुळे अख्खी समिती सभापतींच्या केबिनमध्ये. चीज भरलेली गरमागरम बनित्सा, राकिया दारूचे पेले, मिठ्यांवर मिठ्या. खासदार झिव्को पेन्चेव्ह तर नाक पुसत पुसत एकेकाचे गाल चुंबत सुटले.

"साहेब, तुम्ही तापाने फणफणलाय!" रादोस्तिना म्हणाली.

"मग घरी बसू? दिमितारला काय वाटेल गं?"

शुक्रवारी एकोणिसातले नऊ हजर. गणपूर्तीला हवेत दहा. बाकीचे सगळे अंथरुणात.

"ऑनलाइन घेऊ या ना," रादोस्तिना काकुळतीला आली.

"साथ जाहीर झाली असेल तरच ऑनलाइन," सभापती खोकत खोकत म्हणाले.

"मग करा की जाहीर!"

"ती कशी करायची, ते या करारातच लिहिलंय, पोरी. आधी तो मंजूर व्हायला हवा."

पावणेपाचला दार उघडलं. स्ट्रेचरवरून झिव्को! मागे टीव्हीवाले. झाले की दहा! रादोस्तिनाला रडूच यायचं बाकी होतं. मतदान झालं. पाच बाजूने, चार विरोधात. मग झिव्कोंनी पडल्या पडल्या हात वर केला. विरोधात! बरोबरी, म्हणजे नामंजूर.

"अहो, पण का?"

"ताप आला की घरी बस, हे मला परके लोक सांगणार? छे!"

रादोस्तिनाने आईला फोन लावला. "आई, मास्क नाही येत गं."

"ते राहू दे! टीव्ही पाहिलास? एकोणचाळीस डिग्री ताप, तरी माणूस कामावर हजर! रविवारी माझं मत झिव्कोलाच. असे कामसू लोक आता उरलेत कुठे?"

"आई, तुझा आवाज का बसलाय?"

"काही नाही गं, जरा कणकण आहे. ठेवते, ड्यूटीवर निघालेय."