पारदर्शक तंबूतला संसार

निसर्गाच्या सान्निध्यात माणसाला स्वतःचा शोध लागतो, हे आता सर्वमान्य आहे. (लागल्यावर पुढे काय करायचं, याबाबत सूचना अद्याप प्राप्त नाहीत.) याच उदात्त हेतूने एका तलावाकाठी निवाससंकुल उभं राहिलं आहे. तिथे राहायला बिनचाकांची बस आणि पाण्यावर डुलणारं पिंप अशा सोयी आहेत. मात्र सर्वाधिक मागणी पारदर्शक प्लास्टिकच्या फुगीर तंबूला. आतून चांदणं दिसतं. बाहेरून आतलं सगळंच दिसतं, पण जाहिरातीत किती लिहिणार?

माझी धाकटी बहीण आणि तिचे दंतवैद्य यजमान शनिवारी या तंबूत दाखल झाले. दोघांचा अबोला चालू होता. मेहुण्यांनी दवाखान्यात ‘उपचारापूर्वी’ या मथळ्याखाली बहिणीचा फोटो लावला होता.

संध्याकाळी बहिणीने अबोला सोडला.

“तो फोटो काढणार आहात की नाही?”

“अगं, त्या फोटोमुळे पेशंट वाढलेत!”

बहिणीने उशी उगारली. तेवढ्यात तिचं बाहेर लक्ष गेलं. पिंपातली आणि बसमधली मंडळी खुर्च्या टाकून तंबूसमोर बसली होती. तिने ती उशी अलगद मेहुण्यांच्या पाठीशी ठेवली. मेहुण्यांनी तिला चहा ओतून दिला. बाहेर एक आजी आजोबांना म्हणाल्या, “बघा, शिका काहीतरी.”

भांडण थांबलं नाही, फक्त हसऱ्या चेहऱ्याने चालू राहिलं. पण हसत हसत माणसाला फार वेळ कडू बोलता येत नाही, ही शरीररचनेतली जुनी त्रुटी आहे. रविवारी दुपारी मेहुणे हसतच म्हणाले, “चुकलंच माझं. उद्या काढतो.” आणि सोमवारी खरंच काढला. बहिणीला रडू आलं.

घरी मात्र भिंती निघाल्या जाड. बुधवारपर्यंत दोघं पुन्हा भांडणाच्या पूर्वपदावर आली. तेव्हा बहिणीने शांतपणे दिवाणखान्याचे पडदे उतरवले. तेव्हापासून संसार दृष्ट लागण्यासारखा चालला आहे.

त्यांच्या समोरच्या इमारतीत आपण राहता. आपण रोज संध्याकाळी दिवा मालवून खिडकीशी उभे असता, याची त्या दोघांना पूर्ण कल्पना आहे आणि त्याबद्दल ते आपले आभारी आहेत. फक्त गेल्या आठवड्यात आपण न कळवता बाहेरगावी गेलात, तेव्हा त्यांच्याकडे चार कपबशा फुटल्या. यापुढे जाताना कृपया कुणालातरी बदलीवर बसवून जावं.