टॉवेलदादांच्या सत्काराचा वृत्तांत

जहाजावर आमच्या मजल्यावरच्या वीस खोल्या आवरणाऱ्या गृहस्थांना वर्षअखेरच्या सुट्टीनिमित्त भेट द्यावी, असा ठराव सहलीच्या दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी एकमताने मंजूर झाला. ते रोज टॉवेलाचा हत्ती नाहीतर ससा करून पलंगावर ठेवत, म्हणून सगळे त्यांना टॉवेलदादा म्हणत. मी पस्तीस वर्षं कार्यालय अधीक्षक होतो. समिती दिसली की मला राहवत नाही, त्यामुळे मी चिटणीस झालो. शेजारच्या खोलीतले दंतवैद्य दुसरं ऑम्लेट संपवता संपवता अध्यक्ष झाले.

"सरळ पाकिटात पैसे घालून द्या की," आमची ही म्हणाली.

रोख पैशाने श्रमाचा अपमान होतो, हे अध्यक्षांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं. एकेका दातामागे तुमचा किती अपमान होतो, असं तिने त्यांना विचारलं. ते मी इतिवृत्तात घेतलेलं नाही.

रोख बाद झाली, वस्तू आली, आणि वस्तूबरोबर मतभेद आले. घड्याळ द्यावं तर तुम्ही उशिरा येता असा टोमणा वाटेल. साबणाचं नावसुद्धा काढायला नको. मिठाई दिली आणि माणूस सुटला तर पलंगाखाली वाकणार कोण? तीन दिवस घोंगडं भिजत पडलं. त्यातच फीत लाल असावी की हिरवी, यावरून वेष्टण उपसमिती फुटली आणि दोन्ही गट वेगवेगळ्या सभा घेऊ लागले. प्रत्येक सभेच्या खुर्च्या, चहा आणि फळा टॉवेलदादाच आणून ठेवत. विषय गोपनीय असल्यामुळे मग आम्ही त्यांना दाराबाहेर उभं करत असू.

शेवटी एक मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या की त्यांनाच विचारावं. मी चार पानी प्रश्नावली तयार केली. दादांनी साडेतीन पानं कोरी सोडली आणि खाली लिहिलं, 'उद्या जहाज माझ्या गावाला लागतंय. दुपारी दोन ते पाच मला सुट्टी आहे. मुलगी आठ महिन्यांची झाली, तिला मी फक्त फोनवर पाहिलंय. बायको तिला घेऊन धक्क्यावर येणार आहे. तेवढे तीन तास मला कोणी बोलावू नका, हीच भेट.'

समिती हेलावली. बाई तर रडल्याच. मात्र नियमावर बोट ठेवणं मला भाग होतं. न बोलावणे ही वस्तू नाही, ती कागदात गुंडाळता येत नाही, आणि दोन्ही रंगांच्या फिती तर आणून ठेवलेल्या. तरीही दादांची भावना आमच्यापर्यंत पोचली होती. मुलीच्या फोटोसाठी त्यांना चांदीचा मुलामा दिलेली चौकट द्यायचं ठरलं. मुलगी येणार त्याच दिवशी ती देण्यात औचित्य होतं. वेळ दुपारी दोनची धरली, कारण तोवर सगळ्यांची जेवणं झालेली असतात.

मी रीतसर अर्ज घेऊन जहाजाच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. प्रवाशांची इच्छा म्हणजे आम्हाला हुकूम, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे दादांची सुट्टी रद्द केली. सत्कारमूर्तीशिवाय सत्कार कसा होणार?

"अहो, सोडा त्या माणसाला," ही म्हणाली. "भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत केलीत त्याची."

"भेट कोणाची आहे?" मी विचारलं.

"तुमची. त्याची असती तर दोन वाजता तो खाली धक्क्यावर असता."

बायकांना कार्यपद्धती कळत नाही.

चाळीस खुर्च्या मांडून दादा घामाघूम होऊन पहिल्या रांगेत बसले. अध्यक्ष श्रमप्रतिष्ठेवर पन्नास मिनिटं बोलले. लाल गट बोलला, मग हिरवा गट बोलला, मग लाल गटाने खुलासा केला. मी प्रश्नावली कोऱ्या जागांसह वाचून दाखवली. दादा सारखे घड्याळाकडे बघत होते, आणि भारावल्यावर माणसाचं असं होतंच. पावणेपाचला चौकट त्यांच्या हातात पडली. दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला.

"फोटो आजच काढणार होतो," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

आभारप्रदर्शन चालू असतानाच भोंगा झाला. जिना वर ओढला गेला होता. दादा कठड्याकडे धावले. धक्क्यावर फाटकापलीकडे एक बाई बाळाला दोन्ही हातांनी उंच धरून उभी होती. एवढ्या लांबून बाळाचं तोंड दिसत नव्हतं, नुसती पिवळी टोपी दिसत होती. दादा हात हलवत राहिले, आणि मग त्यांना रडू आवरेना. खोटं कशाला बोलू, मलाही वाईट वाटलं. पण उजेड फार सुंदर होता. मी फोटो काढला आणि 'कृतज्ञतेचे अश्रू' असं लिहून ओळखीच्या सगळ्यांना पाठवला.

तुम्हालाही पाठवला होता. तुम्ही अंगठा दिलात, 'डोळे पाणावले' असं लिहिलंत, आणि लगेच खाली विचारलंत, या सहलीचं बुकिंग कुठे होतं?