नाव घातलेली गिटार

डॉ. रामकिसन औताडे सरांनी छत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण दूधवाल्याच्या मापावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. (स्वतःच्या पीएच.डी.वरही नव्हता. परीक्षकांना त्या दिवशी गाडी पकडायची होती, असं त्यांना अजून वाटतं.)

त्यामुळे नात संस्कृती जेव्हा म्हणाली, "आजोबा, नवी नको, जुनीच इलेक्ट्रिक गिटार घ्या, तिचा आवाज मुरलेला असतो," तेव्हा सर लगेच सावध झाले. शनिवारी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिचं पहिलं वादन. गिटारीत खोट निघाली, तर सगळ्यांसमोर फजिती पोरीची.

उस्मानपुऱ्यात मोईनच्या दुकानात सरांनी स्थळाची करावी तशी गिटारीची चौकशी केली.

"आधीच्या मालकानं का सोडली?"

"दुबई गया, सर."

"एकाएकी?"

"नोकरी लागली की माणूस एकाएकीच जातो ना, सर!" मोईन हसला. सरांना ते हसणंही सेकंडहँड वाटलं.

शेवटी गिटार घेतली. तेवढ्यात मोईन म्हणाला, "दोन दिवस ठेवून जा. नव्या तारा टाकून देतो."

हे ऐकलं मात्र, सरांना सगळा डाव दिसला. दोन दिवसांत ही गिटार गायब आणि तिच्या जागी दुसरीच!

"आधी घरी दाखवून आणतो," असं सांगून सर निघाले ते थेट कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात. लग्नातला त्यांचा तांब्या अजून घरात होता, कारण त्यावर नाव घातलेलं होतं.

नावं घालणाऱ्या कचरूनं गिटार पालथी केली. "काय नाव टाकू?"

"डॉ. रामकिसन औताडे, एम.एस्सी., पीएच.डी."

"कुणाला द्यायची?"

"नातीला. आजोबांचं नाव राहील तिच्याजवळ."

कचरूचा चेहरा उतरला. "लई चांगलं केलं बघा. माणूस जातो, नाव राहतं."

एवढं गोड बोलतोय म्हणजे याचा डोळा गिटारीच्या बटणांवर असणार! मशीन घरघरत होतं तोवर सर बटणंच मोजत राहिले. अक्षरं वाचायची राहून गेली. मग नाव घातलेली गिटार त्यांनी निर्धास्तपणे मोईनकडे तारांसाठी ठेवली.

शनिवारी गिटार परत देताना मोईननं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तारांचे पैसे राहू द्या, सर. हौसला रखो."

फुकट? म्हणजे नक्कीच काहीतरी काढून घेतलंय! रिक्षात सरांनी तारा दोनदा मोजल्या. सहा भरल्या. (सहाच असतात का, हे मात्र त्यांना आठवेना.)

हॉलच्या दारात गिटार पोरांच्या हवाली करून सर पत्नी रत्नमालाबाईंसोबत पहिल्या रांगेत बसले. सूत्रसंचालन करणारी माहनूर माइकपाशी आली, ती गंभीर चेहऱ्यानं.

"आजचं पहिलं वादन कैलासवासी डॉ. रामकिसन औताडे यांच्या स्मरणार्थ. गिटारीच्या पाठीवर तसं कोरलेलंच आहे. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहावी."

पडद्याआडून संस्कृती जिवाच्या आकांतानं हातवारे करत होती, पण तोवर सगळा हॉल उभा राहिला होता. सरही उभे राहिले. मान खाली घालून.

रत्नमालाबाईंनी त्यांचा सदरा ओढला. "अहो, खाली बसा! जिवंत आहात तुम्ही!"

सरांनी संशयानं बायकोकडं पाहिलं.

"नक्की?"