टोपणासकट प्रकाश

नवी वस्तू आवरणासहित वापरावी, असं रंगराव भोईटे यांच्या घराचं धोरण आहे. धोरण त्यांच्या पत्नी मालनबाईंचं, अंमलबजावणी सर्वांची. त्यानुसार रिमोट पिशवीत, सोफा प्लास्टिकखाली आणि फ्रिजवर दुकानातला स्टिकर सन्मानाने नांदतो.

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या रंगरावांना हल्ली कमी ऐकू येतं. नात श्रद्धा शाळेच्या गॅदरिंगमध्ये गायली, त्याचा व्हिडिओ त्यांना टीव्हीवर नीट ऐकवावा म्हणून खराडीत सॉफ्टवेअर करणाऱ्या त्यांच्या मुलाने, आनंदने, टीव्हीचा आवाज वाढवणारा साउंडबार आणला. सोबत ऑप्टिकल केबल.

"आई, या वायरमधून करंट नाही, लाइट जातो. टीव्ही आवाजाचा लाइट करतो, साउंडबार त्या लाइटचा परत आवाज करतो."

"मग टोकांची टोपणं काढू नकोस. लाइटवर धूळ बसेल."

टोपणं धोरणाच्या कक्षेत येत असल्याने आनंदने केबल टोपणांसकट रेटून बसवली. पडद्यावर श्रद्धाने तोंड उघडलं. आवाज शून्य. आपले कान आज पुरते गेले, असं समजून रंगराव घाबरले आणि म्हणाले, "वा! छान गातेय."

आनंदने कस्टमर केअरला फोन लावला. त्यांनी टोपणं काढायला सांगितलं. मालनबाईंनी फोन घेतला. "अहो, काढायचीच होती तर लावलीत कशाला?" यावर तक्रार 'ग्राहक समाधानी' या शेऱ्यासह बंद झाली.

मग घरगुती वाटाघाटी झाल्या. टीव्हीकडचं टोपण काढण्यास तत्त्वतः मंजुरी मिळाली. साउंडबारकडचं वॉरंटी संपेपर्यंत राखून ठेवण्यात आलं. प्रकाश निघाला, टोपणापर्यंत आला आणि नियमानुसार थांबला.

"म्हणजे माझे कान गेले नाहीत?" रंगरावांनी विचारलं. "वॉरंटी किती आहे रे?"

"दोन वर्षं, बाबा."

"मालन, माझे कान तेवढे थांबतील असं वाटत नाही गं."

मालनबाई उठल्या, केबल ओढली आणि टोपण स्वतःच्या हाताने काढलं. श्रद्धाचा आवाज घरभर झाला.

"शेवटच्या ओळीत बेसूर झालीय," रंगराव म्हणाले, आणि आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

टोपण मालनबाईंनी पिशवीत घालून कपाटात ठेवलं, पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्यांशेजारी.

हसून झालं असेल तर आपल्या कपाटातल्या कपबश्याही एकदा बघून घ्या. ज्यांना त्यांतून चहा द्यायचा होता, त्यांच्यातले किती जण अजून येऊ शकतात?