अध्यक्षांच्या खात्यावर लुत्स्यानरावांची स्वारी

सकल बागवान मंडळी, वाफेदार, कलमे बांधणारे आणि नळाची पाळी सांभाळणारे, यांचे सेवेसी विदित व्हावे जे, इसवी सन दोन हजार चोवीस, सप्टेंबर अखेरीस, तोरुन शहराबाहेर रेल्वेरुळांपलीकडे जी 'सोनेरी सफरचंद' नामे बागवानांची वसाहत आहे, तेथे जे रण माजले त्याची हकीकत लिहून ठेवावी ऐसी मंडळींची आज्ञा झाली. त्यावरून जैसे ऐकिले, तैसे लिहिले. कमीजास्त असल्यास दोष लिहिणाराचा, यश ज्याचे त्याचे.

वसाहतीचे वाफे एकशे अठरा. दर वाफ्यास एक तारेचे कुंपण, एक लाकडी खोपटे आणि एक हेकेखोर म्हातारा. त्यांत वाफा अकराचे धनी हिरोनिमराव कुबियाक हे बावीस वर्षे अध्यक्षपदी होते. बागेचे संकेतस्थळ त्यांनीच उघडविले आणि ते जेथे ठेविले त्या सर्व्हरवाल्या कंपनीचे दप्तरी खाते स्वतःचे नावे लिहविले. मग तीन वर्षांमागे त्यांचे वाफ्यातील अक्रोडाचा वाद उभा राहिला. अक्रोड नियमापेक्षा उंच झाला, शेजारचे टोमॅटो सावलीत गेले, सभा भरली, आणि अक्रोड तोडावा म्हणोन पहिला हात वाफा बाराचे लुत्स्यानराव पेर्कोव्स्की यांनी वर केला. अक्रोड पडला, त्याबरोबर अध्यक्षपदही पडले. परंतु त्या मुलुखी रिवाज ऐसा की, जो एकदा अध्यक्ष झाला तो मरेतो अध्यक्ष. पद जाते, हाक जात नाही. सबब सगळे त्यांस अध्यक्षसाहेबच म्हणत. एक लुत्स्यानराव काहीच म्हणत नसत, कारण उभयतांचे बोलणे बंद होते.

आता लुत्स्यानरावांचे दुःख सांगतो. त्यांचे कुटुंब ओतिलियाबाई दोन वर्षांमागे निवर्तल्या. बाईंनी हयातीत गावोगाव हिंडोन जुन्या सफरचंदांच्या दोनशे सात जाती टिपल्या, फोटो काढिले, कोणते आंबट, कोणते मुरंब्याचे, कोणते नाताळापर्यंत पेंढ्यात टिकते ते लिहिले, आणि ते सर्व त्या संकेतस्थळावर चढविले. घरचा संगणक पुढे बिघडून गेला. प्रत दुसरी नाही. म्हणोन लुत्स्यानराव रोज सकाळी चहाबरोबर एक जात वाचीत.

सप्टेंबराचे अठ्ठाविसावे तारखेस, पाने चढविण्यासाठी बाईंस मिळालेला, खोपट्यातील बिस्किटांचे डब्यात जपलेला पासवर्ड घेवोन ते कंट्रोल पॅनेलात शिरले, तो वरती लाल पट्टी झळकली. तीत फर्मान होते की, खातेदाराने आपली वैयक्तिक माहिती आणि ईमेल तीस तारखेचे सायंकाळी सहापर्यंत कायम करावे, न केल्यास खाते बंद आणि सर्व पाने नष्ट. लुत्स्यानरावांचे हातचा चहा कलंडला. तरी धीर धरोन खासा मोहिमेस निघाले.

प्रथम 'वैयक्तिक सेटिंग' नामे ठाणे शोधावे लागले. ते डाव्या बाजूस नाही, उजव्या बाजूस नाही. फायलींचे मुलुखात दोन घटका भटकले, डेटाबेसाचे रानात शिरले ते काहीही न समजता, कशास हात न लावता परत आले, आणि शेवटी कोपऱ्यात एका लहानशा मनुष्याचे मुंडके दिसले, त्यावर बोट ठेविताच दरवाजा उघडला. आत चौकीदाराने हटकले की, आपण यंत्र नाही हे सिद्ध करावे, नऊ चित्रांतील सिग्नलचे दिवे ओळखावे. लुत्स्यानरावांनी दिवे ओळखिले, दिव्यांचे खांबही ओळखिले, ते चुकले. मग पायऱ्या, मग मोटारसायकली. कोणी म्हणतात पाच फेऱ्या झाल्या, कोणी म्हणतात सात. यंत्र नाही हे ठरता ठरता माणूसही उरतो की नाही ऐसा प्रसंग गुदरला.

आत ईमेल पाहिला तो हिरोनिमरावांचा. बदलू गेले तो पॅनेलाने खातेदाराची जन्मतारीख मागितली, आणि तीनदा चुकल्यास खाते कायमचे कुलूपबंद ऐसी जरब दिली. सभासदांचे नोंदवहीत तारीख होती, चार मार्च एकोणीसशे चव्वेचाळीस. ती घातली, नाकारली. दिवस-महिन्याची अदलाबदल झाली असेल ऐसी मसलत करोन तीन एप्रिल घातली, तीही नाकारली. एक वार उरला. तेव्हा लुत्स्यानरावांनी बोट आवरिले आणि फौज, म्हणजे स्वतःस, मागे घेतली.

एकोणतिसावे तारखेस वकील म्हणोन नळवाल्या काझिमिएझबाबांस वाफा अकरावर रवाना केले. ते अर्ध्या घटकेत परत आले.

"काय म्हणाले?" लुत्स्यानरावांनी पुसले.

"म्हणाले, त्याला सांग, आधी माझा अक्रोड उभा कर, मग तारीख विचार."

"आणखी?"

"आणखी पण म्हणाले, पण मी चर्चला जाणारा माणूस आहे."

वकिली बुडाली. मग लुत्स्यानरावांस एक रिवाज आठवला. त्या मुलुखी जुनी माणसे जन्मदिवस पाळीत नाहीत, नावदिवस पाळितात. ज्या संताचे नाव धारण केले त्याचा जो दिवस तोच आपला सण. आणि नावदिवसास आमंत्रण नसते. जो येईल तो पाहुणा, आणि आलेल्या पाहुण्यास दारातून परतविणे म्हणजे सात पिढ्यांची नाचक्की. तीस सप्टेंबर हा संत हिरोनिमाचा दिवस! शत्रूचे दार त्या एका दिवशी कायद्यानेच उघडे.

तीस तारखेस चार वाजता लुत्स्यानराव लग्नातला कोट घालोन, सफरचंदाचा केक, चेरीच्या घरगुती दारूची बाटली आणि सात ॲस्टरची फुले घेवोन वाफा अकरावर चालून गेले. फुले विषम घेतली, सम फुले मयतास. फाटक हिरोनिमरावांच्या पत्नी गेनोव्हेफाबाईंनी उघडिले.

"आलात! बारा पावलांवरून यायला तीन वर्षं लावलीत," बाई बोलिल्या. "हिरेक, पाहुणे आलेत रे."

हिरोनिमराव खोपट्याचे दारी आले. कोट पाहिला, केक पाहिला. शेवटी रिवाजापुढे हार खावोन म्हणाले, "बसा."

"आपल्याला उदंड आयुष्य लाभो, अध्यक्षसाहेब."

"लाभलंय पुष्कळ. सावली तेवढी नाही राहिली."

यावर केक कापिला, पेले भरले, आणि लुत्स्यानरावांनी फोन टेबलावर ठेवोन लाल पट्टी दाखविली. म्हणाले, "सहा वाजता ओतिलियाची सगळी सफरचंदं पुसली जातील. अक्रोडाबद्दल तुम्हाला काय हवं ते बोला, पण नंतर."

हिरोनिमराव बराच वेळ पट्टी वाचीत राहिले. "मला का नाही कळवलं त्यांनी?"

"कळवलं असणार. तुमच्याच ईमेलवर."

"ते मी तीन वर्षांत उघडलेलं नाही. पासवर्ड विसरलो, आणि कुणाला विचारणार? तुम्हाला?"

मग त्यांनी जन्मतारीख सांगितली, चार मार्च चव्वेचाळीस. लुत्स्यानराव म्हणाले की हीच घातली, हीच फेटाळली. घड्याळात पाच वाजोन चाळीस मिनिटे झाली. हिरोनिमरावांनी कंपनीस, पॅनेलास आणि जमल्यास सरकारास दोष दिला.

तो गेनोव्हेफाबाई किटली घेवोन आल्या आणि उभ्या उभ्या बोलिल्या, "हिरेक, पन्नास वर्षांत चार मार्चला आपल्याकडे कधी साधा बटाटा तरी शिजवलाय का सणाचा म्हणून? कंपनीनं तुझा दिवस विचारला असेल, तू तुझा दिवस लिहिला असशील. तुझा दिवस कुठला? आजचा!"

"सरकारी कागदावर कुणी असं लिहितं का?"

"लग्नाच्या अर्जावर लिहिलं होतंस. पाद्रीबाबांनी खोडून घेतलं."

हिरोनिमराव कानापर्यंत तांबडे झाले. लुत्स्यानरावांनी बोट उचलिले. शेवटचा वार. चुकला तर दोनशे सात जाती आपल्याच हातें गेल्या, हे मनी येवोन बोट हवेतच अडले. तेव्हा हिरोनिमरावांनी त्यांचे मनगट धरिले, आणि दोघांनी मिळोन तीस सप्टेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस ऐसा मारा केला. पट्टी हिरवी झाली.

तथापि लढाई सरली नव्हती. नवा ईमेल लिहिला, त्यावर सहा आकडी संकेत आला, तो घातला, पॅनेल नवा पासवर्ड पाहिजे म्हणाले, त्यात एक आकडा, एक चिन्ह, तोही झाला. आता 'खातेदाराचे नाव' बदलोन 'जतन करा' दाबावयाचे, इतक्यात हिरोनिमरावांनी स्क्रीनवर पंजा ठेविला.

"नाव राहू दे."

"अहो, पण खातं आता मी सांभाळणार."

"सांभाळा. पत्रं तुम्हाला येऊ देत, शिव्या तुम्हीच खा. नाव माझं राहू दे. सगळीकडून काढलंत, इथून नको."

लुत्स्यानरावांनी घड्याळ पाहिले, सहास चार मिनिटे कमी. मग हिरोनिमरावांकडे पाहिले, आणि घड्याळाची घाई विसरोन नावापुढे स्वहस्ते 'माननीय अध्यक्ष' ही अक्षरे जोडिली. मग 'जतन करा' दाबिले.

तह जागीच झाला. कलम पहिले, ईमेल आणि पासवर्ड वाफा बाराकडे, नाव आणि मान वाफा अकराकडे. कलम दुसरे, कंपनीचे जे पत्र येईल ते वाफा अकरावर नेवोन मोठ्याने वाचोन दाखवावे. कलम तिसरे, अक्रोडाविषयी बोलण्याची मुभा उभय पक्षांस, पेला संपेतो. गेनोव्हेफाबाई साक्षीस होत्या.

तेव्हापासोन दरमहा पत्र येते, आणि लुत्स्यानराव फोन घेवोन फाटकातून जातात. जागा किती उरली, भेट देणारे किती, हे वाचितात. माननीय अध्यक्ष डोळे मिटोन ऐकितात, एकही शब्द समजत नाही, आणि शेवटी 'मंजूर' म्हणतात.

येणेप्रमाणे खाते कायम जाहले, तारीख तीस सप्टेंबर, वेळ पाच वाजोन अठ्ठावन्न मिनिटे. उभय पक्षी जखमी कोणी नाही. ओतिलियाबाईंच्या जाती दोनशे सात. मोजोन पाहिल्या, एकही गळाली नाही.