आप्पांचा मसणवटा

आमच्या घरचं पिठलं पोटभर खाल्लेला पाहुणा काय म्हणेल? फक्कड झालंय म्हणेल, मजा आली म्हणेल. मन्मथआप्पा हात धुऊन येतात, माझ्या बायकोकडे अत्यंत आदरानं बघतात आणि म्हणतात, "वहिनी, पिठलं लय अंधार झालं होतं."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायकोनं उठून दिवा लावला होता. आता तिला सवय झाली आहे. आप्पांच्या बोलण्यात अंधार ही सगळ्यात वरची पदवी. तुरीचं पीक अंधार, जावयाचा स्वभाव अंधार, गोदावरीचं पाणी अंधार. एका बारशाला ते पाळण्यात वाकून "लेकरू लय अंधार हाय" म्हणाले आणि बाळाच्या आजीनं त्यांच्या हातावर ठेवलेला पेढा परत घेतला. जे आवडलं नाही ते उजेड. त्यावर मग पुढे चर्चा होत नाही.

आप्पांचं गंगाखेडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटर जळाली की आसपासच्या गावांतून ती आप्पांकडे येते आणि आप्पा तांब्याची तार नव्यानं गुंडाळून तिला जिवंत करून पाठवतात. याखेरीज ते एका गॉथिक मेटल बँडचे संस्थापक, गायक आणि गिटारवादक आहेत. बँडचं नाव 'मसणवटा'. पाव शतकाहून जास्त काळ हा बँड चालू आहे.

गॉथिक मेटल म्हणजे काय ते मला विचारू नका, असं मला म्हणता येत नाही. कारण त्या बँडमध्ये की-बोर्ड मीच वाजवतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. थोडक्यात सांगतो. भलामोठा आवाज, काळे कपडे, मरणाचे विषय. पोटातून काढलेला एक गुरगुरता पुरुषी आवाज आणि त्याच्यावर तरंगणारा एक उंच, बारीक बायकी आवाज. हे सगळं एकत्र आलं की ऐकणाऱ्याला हुंदका यायला हवा. आमच्याकडे पहिली काही वर्षं पोलीस आले.

आप्पांना याची लागण हैदराबादेत झाली. तरुणपणी ते मामाच्या दुकानात वाइंडिंग शिकायला गेले होते. शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूनं कुठल्याशा परदेशी बँडची कॅसेट लावली. गल्लीनं कानावर हात ठेवले, आप्पा मात्र होते तिथेच फरशीवर बसले.

"गुरुजी, आमच्या लिंगायतात मानूस गेला की त्याला बसवून नेत्यात," त्यांनी एकदा मला सांगितलं. "फुडं भजनी मंडळ आस्तंय. ते ऐकत मी मोठा झालो. त्या कॅसेटीत मला आमच्याच घरचं कुनीतरी गायल्यागत वाटलं बगा."

परत आल्यावर त्यांनी गिटार स्वतः बनवली. गिटारीच्या तारांखाली चुंबकाभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं, तेच आवाज पकडतं. हे कळल्यावर आप्पा हसले. वेटोळी घालण्याचाच तर त्यांचा धंदा! जुन्या वीजमीटरमधली केसासारखी तार काढून त्यांनी दोन दिवसांत हजारो वेढे घातले. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी सांगितलेलं नाही.

कपड्यांचं मात्र फसलं. काळे, लांब, पायघोळ झगे हवेत, असं आप्पांनी शिंप्याला सांगितलं. शिंप्यानं आयुष्यात तसला एकच कपडा शिवला होता. त्यानं आम्हाला वकिलांचे गाऊन शिवून दिले, वर गळ्याला पांढऱ्या पट्ट्या. आम्ही ते घालून तहसीलसमोरून निघालो तर दोन भावांनी मला गाठून पुढची तारीख विचारली. एकानं तर सातबाराच पुढे केला. आप्पांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "लय अंधार जमीन हाय. वाटनी करू नका." त्या भावांनी खरंच केली नाही.

लग्नाची सुपारी आम्हाला एकदाच मिळाली. नाव न विचारता कुणीतरी बँड ठरवला होता. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वरात न्यायची, अंतर फार तर अर्धा किलोमीटर. आम्ही आमच्या चालीनं वाजवत निघालो. लोकांना नाचायला पाय उचलावा तर तो खाली ठेवायचा ठोकाच येईना. मुहूर्त टळून गेला. घोडं उभ्या उभ्या झोपलं, त्याला हलवून जागं करावं लागलं. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "आप्पा, जरा हात उचला की!" पण नवरदेवाचा आजा आमच्या मागोमाग डोळे पुसत चालत होता. आप्पांना त्या दिवसाचं तेवढंच आठवतं.

आमचा ड्रमर ज्ञानोबा. दिवाळी झाली की तो कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, पाडव्याच्या सुमारास परततो. तो आला की उन्हाळा सुरू झालेला असतो, मोटरी धडाधड जळत असतात आणि आप्पांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यामुळे मसणवट्याचा हंगाम पावसाळ्यात. जगातले बाकीचे बँड कशावर चालतात मला ठाऊक नाही, आमचा साखर कारखान्याच्या बॉयलरवर चालतो. दुसरा ड्रमर बघू या, असं मी एकदा सुचवलं होतं. "गुरुजी, उजेड बोलू नका," आप्पा म्हणाले. "त्याच्या हाताला कोयत्याचं वजन हाय."

आता खरी गोष्ट आमच्या कारकिर्दीची. पहिली कॅसेट काढली तेव्हा आम्ही वेगात होतो. सरकारी दवाखान्यातल्या नर्स सुनंदाताई वरचा आवाज लावायच्या, तो थेट पत्र्याला जाऊन भिडायचा. आणि माझा की-बोर्ड! सुरुवातीलाच उजव्या हाताची एक तान होती, वरच्या पट्टीत, नुसती झरझर. ती वाजवून मी प्रेक्षकांकडे बघायचो.

दुसऱ्या कॅसेटला आप्पांनी सगळं दोन सुरांनी खाली आणलं. तिसरीच्या आधी सुनंदाताईंची बदली झाली. मी दुसरी गायिका शोधू लागलो तर आप्पा म्हणाले, वरचा आवाज आता नको. चौथीला गिटारीच्या तारा इतक्या सैल झाल्या की त्या लोंबू लागल्या, तेव्हा आप्पांनी मोटरसायकलच्या क्लचची तार आणून बसवली. ठोका असा लांबला की दोन ठोक्यांच्या मध्ये ज्ञानोबा तंबाखू मळून घ्यायचा. चौथीतलं शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं आहे आणि त्यात चारच सूर आहेत. ते वाजलं की दुकानातले लोखंडी पाने आपोआप फळीवरून सरकत खाली येतात.

तोवर कुणीतरी आमची गाणी इंटरनेटवर टाकली होती. परदेशातली माणसं त्यावर लिहू लागली. हा बँड मृत्यूकडे एकेक पायरी उतरतो आहे, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं त्यात दुष्काळाचं तत्त्वज्ञान शोधलं. मी हे आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्याकडं थ्री फेज लाईट किती तास आस्ती?"

गेल्या श्रावणात पुण्याहून फोन आला. एका ध्वनिमुद्रण कंपनीचा माणूस होता. त्याला आमची पहिली कॅसेट सापडली होती. मसणवट्याचा नवा अल्बम ते काढणार, परदेशात पाठवणार. अट एकच. आवाज पहिल्या कॅसेटीसारखा हवा. तोच वेग, तीच उंची, गायिका ते देणार. शनिवारपर्यंत होकार कळवा.

खोटं कशाला बोलू, मी त्याच दिवशी फोटोसाठी नवा चष्मा करायला टाकला. इतकी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये वाजवलं, आता कुठे कुणी दार उघडलं होतं. आप्पांनी सगळं ऐकलं, "उजेड हाय" म्हणाले आणि मोटर उघडायला बसले. शुक्रवारी बघतो तर दुकानाला कुलूप. आप्पा गावी, राणीसावरगावला गेले होते.

मला राग आला. हा माणूस मोठा आहे हे मान्य, पण बँड काय एकट्याचा आहे? शनिवारी सकाळी की-बोर्ड मोटरसायकलला मागे बांधला आणि निघालो. माझा बेत पक्का होता. समोर बसायचं, पहिल्या कॅसेटीतली ती तान वाजवायची आणि म्हातारपण आलेल्या या माणसाला आठवण करून द्यायची की आपण काय होतो.

घरात शिरलो तर ओसरीवर बाज टाकलेली. बाजेवर आप्पांची माय बसलेली, कपाळाला भस्म, पाठ ताठ. ती थोरल्या भावाकडे असते एवढंच मला ठाऊक होतं, भेट कधी झाली नव्हती. बाजेला लागून ज्वारीच्या कोठीएवढी स्पीकरची पेटी होती. तिच्यावर माय तळहात टेकवून, डोळे मिटून बसली होती. खाली चटईवर आप्पा गिटार घेऊन. त्यांनी एक सूर छेडला. तो मला कानाआधी चपलेतून कळला.

"घाई करायलास," माय डोळे न उघडता म्हणाली. "मागलं जाऊ दी. मंग फुडलं आन."

"व्हय माय," आप्पा म्हणाले, आणि थांबले. सूर पुरता विरेपर्यंत थांबले.

मी तसाच उंबऱ्यात उभा होतो. आप्पांनी मला बघितलं, लाजल्यासारखं हसले.

"तिचं ऐकू येनं वरून जायलंय, गुरुजी," ते म्हणाले. "पयले चिमन्या गेल्या. मंग फोडनीचा आवाज गेला. मंग नातींचं बोलनं. नांदेडहून कानाची मशीन आनली, तर नुसतं खरखरतंय म्हनती, डब्यात ठिवलीय. आता शेतातली मोटर चालू झाली की तेवढं कळतंय तिला. गानं मला तिनं शिकवलं हो. बाया जमवून भजन म्हनायची, लय अंधार आवाज. ती जशी उतरत गेली तसा मी बी उतरत आलो."

 पुण्याचं काय, एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

"तिला ऐकू येनार न्हाई आसलं गानं मला बांधता येत न्हाई. तुमचं नुकसान हाय, मला कळतंय." त्यांनी क्लचच्या तारेवर बोट फिरवलं. "आन खाली बी आता लय जागा राह्यली न्हाई."

मायनं डोळे उघडले होते. तिनं मान हलवून, हे कोण, असं विचारलं. आप्पांनी हवेत बोटं नाचवून दाखवली आणि माझ्याकडे बोट केलं. म्हातारीचा चेहरा खुलला.

"हां, बाजा वाजवनारा मास्तर? वाजीव की बाबा."

आप्पांनी स्पीकरची वायर गिटारीतून काढून माझ्या की-बोर्डला लावली. मी ठरवून आलो होतो तेच वाजवलं. ती तान, वरच्या पट्टीतली, पूर्ण. बोटं अजून चालतात या वयात, असंही मनात येऊन गेलं. संपवून सवयीनं वर बघितलं.

माय माझ्या हातांकडे तशीच कौतुकानं बघत होती. तळहात पेटीवर. वाट बघत होती.

"वाजीव की," ती म्हणाली. "लाजायलास व्हय?"

आप्पा खाली मान घालून बसले होते. चार कॅसेटी झाल्या आणि या घरात मी एकदाही वाजलो नव्हतो. मला माझीच लाज वाटली, आणि त्या चटईवर बसलेल्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पुण्याला नाही म्हणायचं हे मी तिथेच ठरवलं. चष्मा वाचायला होईल.

मग मी उजवा हात मांडीवर ठेवला. डावा हात की-बोर्डच्या पार कडेला नेला, जिथे इतक्या वर्षांत मी फारसा फिरकलो नव्हतो, आणि एक सूर दाबून धरला. पेटी घुमली. बाजेचे पाय जमिनीवर थरथरले. मी घाई केली नाही.

मायचे डोळे हळूहळू मिटले. तिनं दुसरा हातही पेटीवर ठेवला.

"हां," ती म्हणाली. "आता आलास."